कोंडिबामामाच्या खिशातला मिसकॉल

ज्ञानू प्रेमात पडलाय हे त्याच्या आईला माहीत होतं, यवतच्या चहावाल्याला माहीत होतं, डेअरीच्या वॉचमनलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या कोंडिबामामाला, आणि पोरगी तर त्याचीच!

कोंडिबा काही परका नव्हता. ज्ञानूच्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे मामाच. मामाची पोरगी करायची आपल्याकडं रीतच आहे, मग त्यात लपवायचं काय, असं कुणीही म्हणेल. पण मामाच्या धनश्रीला मांडवगणच्या एका बागाईतदाराचं स्थळ सांगून आलं होतं, आणि त्याचा ऊस बघून मामाचं मन डळमळलं होतं. "बारा म्हयने पानी हाय त्येच्याकडं," मामा न्हावऱ्याच्या पारावर बसून सांगायचा. "आन् आमच्या भाच्याकडं काय हाय? कांप्युटर! त्यो काय बांधाला बांधायचा का त्येची धार काढायची?" दिवाळीच्या आत इकडं का तिकडं ठरवून टाकायचं, असं त्यानं बायकोला, बयाबाईला सांगितलं होतं. आणि दिवाळी तर तोंडावर आली होती.

साल होतं दोन हजार आठ. तेव्हा घरटी एक मोबाईल असायचा आणि तो घरातल्या कारभाऱ्याच्या खिशात असायचा. कोंडिबामामाचा फोन दिवसभर त्याच्या बंडीच्या खिशात, वर नाडीनं बांधलेला. संध्याकाळी मात्र मामा म्हशींच्या धारा काढायला बसला की फोन चुलीजवळच्या खुंटीला. कारण एकदा धार काढताना फोन वाजला आणि म्हशीनं बादलीसकट मामाला उलथवलं होतं. तेवढा वेळ फोन धनश्रीचा. बोलायचं कुणी नाही, पैसे पडतात. नुसता मिसकॉल द्यायचा. पोचलो, निघालो, दूध घालायला ये, सगळा कारभार तेव्हा मिसकॉलवर चालायचा आणि ज्याचा त्याला बरोबर कळायचा. ज्ञानू आणि धनश्रीचं ठरलं होतं की संध्याकाळी एक रिंग आली की समजायचं, आठवण आली.

आता ही आठवण पाठवायची कशी, इथं आपला ज्ञानू आगाऊपणा करून बसला.

तो कामाला होता यवतच्या सोनथडी डेअरीत, कॉम्प्युटरच्या खोलीत. डेअरीची दूध संकलनाची सेंटरं गावोगाव, न्हावऱ्याला, कोरेगाव भीमाला, आणखी कुठं कुठं. प्रत्येक सेंटरवर एक कॉम्प्युटर. संकलन सुरू व्हायच्या आधी त्यात दर भरायचा, वजनकाटा जोडायचा, थंड टाकी चालू करायची. आधी हे सगळं फोनवर ओरडून ओरडून करून घ्यावं लागायचं. मग ज्ञानू आणि त्याच्या वरच्या रश्मी मॅडम, दोघांनी मिळून एक प्रोग्रॅम उभा केला. त्याला नाव दिलं कारभारी. यवतला बसून कारभाऱ्याला हुकूम सोडायचा, 'उघड' म्हटलं की लांबचं सेंटर उघडणार, 'मीट' म्हटलं की मिटणार, 'तपास' म्हटलं की सगळं ठीक आहे का ते बघून येणार. आणि 'तालीम' म्हटलं की सगळं नुसतं केल्यासारखं करणार, खरं काहीच हलवणार नाही.

कारभाऱ्याला एक हुकसुद्धा होता. भिंतीला खुंटी असते ना, तसा. कुठलाही हुकूम पार पडला की कारभारी त्या हुकाला जे टांगलेलं असेल ते करून मोकळा. डेअरीचे मालक हौसराव यांनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "हुक म्हंजी आकडा. बघा बरं, लाईटबिल माझ्याच नावावर हाय." त्यांना समजावण्यात एक दुपार गेली.

ज्ञानूनं त्या हुकाला काय टांगावं? कोपऱ्यात सिमकार्डाची एक पेटी होती, तिच्यातून सेंटरांशी बोलणं चालायचं. ज्ञानूनं चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. हुकूम पार पडला की पेटीनं कोंडिबामामाच्या नंबरला एक रिंग द्यायची आणि कट. बस्स! संध्याकाळी त्याचे हात कामात असायचे, कधी विसर पडायचा, कधी मॅडम समोर असायच्या. आता न्हावऱ्याचं सेंटर उघडलं की धनश्रीला आपोआप आठवण जाणार, इकडं ज्ञानू बिनघोर. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं.

सुरुवातीला कारभारी एकट्या न्हावऱ्यावरच लावलेला होता आणि दिवसाकाठी हुकूमही संध्याकाळचा एकच, 'उघड'. त्यामुळं सगळं कसं गोड चाललं. एकदा ज्ञानू काटा दुरुस्त करायला न्हावऱ्याला गेला, तर धनश्री दूध घालायला आलेली. किटली ओतता ओतता हळूच म्हणाली, "रोज टायमावर आठवण येती व्हय रे? घड्याळ लावून बसतूस जनू."

"मग!" ज्ञानू म्हणाला. "हातातलं काम बाजूला ठिवतो आन् पहिला तुला मिसकॉल देतो."

खोटं बोलणाऱ्याची जीभ जागच्या जागी झडत नाही, हीच मोठी पंचाईत आहे. धनश्री लाजली आणि ती लाज बघून ज्ञानूला वाटलं आपण जग जिंकलं. परतताना पारगावच्या पुलावर त्यानं गाडी थांबवून उगाचच नदीकडं बघत एक सिगारेट ओढली.

मग रश्मी मॅडमनी ठरवलं की कारभारी नीट चालतोय, तर सगळ्या सेंटरांवर लावू. रश्मी मॅडम कोरेगाव भीमाच्या. बोलायला तिखट, नजर त्याहून तिखट आणि कामाला वाघ. त्यांनी सकाळपासून हुकूम सोडायला सुरुवात केली. कोरेगावला 'तपास', अमक्याला 'तालीम', तमक्याला पुन्हा 'तालीम'. दरेक हुकमामागं हुक वाजत होता आणि दरेक वेळी कोपऱ्यातली पेटी गुपचूप एक रिंग देऊन गप्प बसत होती. ज्ञानूच्या हे ध्यानातही आलं नाही. त्याच्या लेखी स्क्रिप्ट संध्याकाळची होती. स्क्रिप्टला संध्याकाळ म्हणजे काय ते कुठं ठाऊक!

आणि दिवसा फोन कुणाच्या खिशात? बरोबर.

पुढचं रामायण ज्ञानूला नंतर कळलं. कोंडिबामामाची विहीर ओढ्यापलीकडं, घरापासून चांगली लांब. लाईट कधी येईल नि कधी जाईल त्याचा भरवसा नाही. म्हणून मामानं एक सोय करून ठेवलेली. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त म्हस्कू, त्याची चहाची टपरी सबस्टेशनाच्या शेजारी. मोटारीची लाईट आली की म्हस्कूनं मामाला एक मिसकॉल द्यायचा. म्हस्कूच्या फोनात बॅलन्स कधीच नसायचा, म्हणून जे गिऱ्हाईक चहा पीत असेल त्याच्या फोनवरून द्यायचा. नंबर रोज नवा. मामाला नंबर बघायची गरजच नव्हती, एक रिंग आली की चप्पल घालायची आणि विहीर गाठायची.

आली रिंग. मामा निघाला. ओढा ओलांडला, मोटारीचं बटण दाबलं, मोटार ढिम्म. परत घरी येतो न येतो तोच दुसरी रिंग. पुन्हा ओढा, पुन्हा बटण, पुन्हा ढिम्म. तिसऱ्यांदा बयाबाई म्हणाली, "आवं, जरा दम खावा की." मामा म्हणाला, "लाईट काय दम खाती व्हय?" आणि चालायला लागला. संध्याकाळी त्याच्या पायाला फोड आला, तो घेऊनच टपरीवर जाऊन त्यानं म्हस्कूची गचांडी धरली.

"म्हाताऱ्या मानसाची चेष्टा करतूस व्हय रं, भाड्या?"

"बिरोबाची आन, मी आज फोनला हात लावला न्हाई!"

"मग काय बिरोबानं लावला?"

झालं. एका ताटात जेवलेले दोघं, पण बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी म्हस्कूनं, बोलणं बंद असूनही, खरीखुरी लाईट आली म्हणून इमानानं मिसकॉल दिला. तर मामा खाटेवर आडवा होऊन म्हणाला, "दे, आजून दे. म्या न्हाई उठायचा." लाईट आली आणि गेली, आणि कांद्याचं रोप उन्हानं माना टाकून बसलं.

तेव्हा मात्र मामानं शेजारच्या पोराकडून फोन लावून घेतला. ज्या नंबरावरून रिंग येते, त्याच नंबरला उलटा.

यवतला कोपऱ्यातल्या पेटीचा दिवा लुकलुकायला लागला. पेटीला आजवर कुणी फोन केला नव्हता. रश्मी मॅडमना नवल वाटलं. त्यांनी पेटीला लावलेला रिसीव्हर उचलला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हॅलो, सोनथडी डेअरी."

"तूच का ती लाईटवाली बाई?"

आवाज एवढा मोठा की समोर बसलेल्या ज्ञानूला लख्ख ऐकू आला. ओळखीचा होता. ज्ञानूच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला.

"कसली लाईट, आबा?" मॅडम म्हणाल्या.

"चार दिस झालं, उठताबसता रिंग द्येतीस आन् कट करतीस. माझं रोप वाळलं. माझ्या पायाला फोड आला. म्हस्कूसंगं माझं भांडान लावलं. तुला काय आयबाप हायती का न्हाई?"

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे फक्त "बरं आबा", "चूक झाली आबा". रिसीव्हर ठेवला आणि त्या कारभाऱ्याच्या हुकाकडं वळल्या. चार ओळींची तर स्क्रिप्ट, वाचायला कितीसा वेळ लागणार! त्यांनी स्क्रीनवरचा नंबर बोटानं दाखवला.

"ज्ञानू, हा नंबर कुणाचा?"

"मामाचा."

"मामाला तू दिवसभर मिसकॉल का देतोस?"

"मामाला न्हाई, मॅडम." ज्ञानूनं खाली बघितलं. "मामाच्या पोरीला."

रश्मी मॅडम हसायला लागल्या त्या थांबेचनात. टेबलावर डोकं ठेवून हसल्या, ओढणीनं डोळे पुसले आणि परत हसल्या. मग एकदम ताठ बसून म्हणाल्या, "अरे गाढवा, निरोप्याला पळ म्हणून सांगितलंस, पण काय घडलंय आणि कुठं घडलंय हे त्याच्या कानात कोण सांगणार? कोरेगावला मी तालीम घेतली तरी हा तिकडं न्हावऱ्यात बोंब ठोकून येतोय. त्याचा काय दोष? त्याला कुणी काही सांगितलंच नाही."

"मग आता?"

"आता कारभाऱ्यानं हुकाला मोकळ्या हातानं बोलवायचं नाही. बोलावताना तीन गोष्टी हातात द्यायच्या. हुकूम कुठला, सेंटर कुठलं आणि खरा होता का तालमीचा. स्क्रिप्टनं आधी ते वाचायचं, मग ठरवायचं रिंग द्यायची का गप्प बसायचं."

दोघांनी बसून ते केलं. काम फार मोठं नव्हतं. मॅडमनी त्यातून डेअरीचाही फायदा काढला. सेंटर उघडलं की तिथल्या ऑपरेटरला एक रिंग, मिटलं की दोन, तालमीला काहीच नाही. पेटी शहाण्यासारखी वागायला लागली. मामाचा नंबर मात्र मॅडमनी ज्ञानूच्याच हातानं पुसायला लावला. "डेअरीचं सिम प्रेमाला जुंपलंस, ते मी हौसरावांना सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण मामाला तू स्वतः जाऊन सांगायचं. त्या म्हस्कूची दोस्ती तुटलीय तुझ्यापायी."

"मामा पोरगी देणार न्हाई मग."

"नाही सांगितलंस तर मी फोन करून सांगते. नंबर आता पाठ झालाय माझा."

चौफुल्यावरून, केडगावावरून, पारगावच्या पुलावरून ज्ञानू न्हावऱ्याला निघाला, पण या वेळी पुलावर थांबायची छाती झाली नाही. मामाच्या अंगणात पोचला तेव्हा खाटेवर मामा, पायाला फडकं. ज्ञानूनं वाटेत टपरीवरून म्हस्कूआप्पालाही हातापाया पडून बरोबर घेतलं होतं. म्हस्कू आला, पण पाठ फिरवून बसला. बयाबाईनं पाणी दिलं. ज्ञानूनं तांब्या रिकामा केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पेटी, हुक, एक रिंग, सगळं.

मामानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजी म्हस्क्यानं न्हाई दिलं?"

"न्हाई, मामा."

"मंग म्या त्येची गचांडी धरली ती?"

"धरली ती धरली," म्हस्कू पाठमोराच म्हणाला. "कापाड फाटलं माझं."

"आन् तुझं मिसकॉल व्हतं कुनाला? मला तर तुझी आठवन येत न्हाई कवा."

बयाबाईनं पदर तोंडाला लावला, तिला बहुतेक आधीच माहीत होतं. मामानं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा दाराकडं. दारात धनश्री उभी होती आणि तिचा चेहरा बघून ज्ञानूच्या लक्षात आलं की खरं संकट मामा नव्हताच.

"म्हंजी मिसकॉल तू देत नव्हतास?" धनश्रीनं विचारलं.

"आगं, मीच. म्हंजी मी लावून ठिवलेलं..."

"हातातलं काम बाजूला ठिवतो म्हनला व्हतास."

ज्ञानूनं रिकामा तांब्या उचलून परत खाली ठेवला.

"म्या रोज चूल सोडून त्या खुंटीखाली हुबी राहायची. भाकरी करपली की आईच्या शिव्या खायची. आन् आठवन कुनाला येत व्हती? पेटीला!" तिनं उंबऱ्यातनं पाठ फिरवली. "त्यापरीस मांडवगणचा बरा. त्यो निदान मिसकॉल देतच न्हाई."

ती आत गेली. ज्ञानूला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. रोप वाळलं, दोस्ती तुटली, त्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं, पण ती खुंटीखाली उभी राहायची हे त्याला आजच कळत होतं.

मामाचा राग मात्र कुठं गेला कुणास ठाऊक. पोरगी बोलली ते त्याला पटलं होतं. "बराबर हाय तिचं," तो म्हणाला. "मेंढरामागं व्हतो तवा मी बी लांब राहायचो. पर निरोप द्यायचा तर तोंडानं द्यायचो, कुत्र्याहाती न्हाई धाडायचो. ऐक भाच्या. शिरूरच्या दिवाळीच्या बाजारापतूर रोज संध्याकाळी तुझ्या बोटानं मिसकॉल द्यायचा. एक रिंग म्हस्क्याची, दोन तुझ्या. फोन मी खुंटीला ठिवीन. एक दिस चुकलास तर मांडवगणला हो म्हनून सांगनार."

"आन् माझं कापाड?" म्हस्कू म्हणाला.

"तुला नवं घेतो, मर."

त्या दिवसापासून ज्ञानू संध्याकाळी सगळं सोडून खोलीच्या बाहेर जायचा, स्वतःच्या फोनवरून दोन रिंग द्यायचा आणि परत यायचा. तिकडून काही उत्तर नाही. धनश्री ऐकतेय का नाही हेही कळेना. रश्मी मॅडम मुद्दाम घड्याळाकडं बघून खाकरायच्या.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी नेमकी कोरेगावची थंड टाकी अडली. दूध आलेलं, टाकी गार होईना, ऑपरेटर फोनवर रडकुंडीला आलेला. ज्ञानू आणि मॅडम कारभाऱ्याला चिकटून बसले. तपास, मीट, उघड, पुन्हा तपास. टाकी एकदाची घरघरली आणि ज्ञानूनं मान वर केली तर खिडकीबाहेर दिवेलागण होऊन गेलेली.

तो उडालाच. फोन काढला, नंबर लावला. आतून एक बाई शांतपणे म्हणाली की आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही.

"मॅडम, मेलो!"

रश्मी मॅडमनी त्याच्याकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या पेटीकडं. "पेटी आहे की," त्या म्हणाल्या. "दे दोन रिंग. मी तिकडं तोंड करते."

ज्ञानू पेटीपर्यंत गेलासुद्धा. हात पुढं केला आणि मागं घेतला. "नको, मॅडम. पेटीनं न्हाई. तुमचा फोन द्या. बोट माझं राहील."

मॅडमनी आपला फोन त्याच्या हातावर ठेवला. ज्ञानूनं एकेक आकडा दाबला. एक रिंग गेली. दुसरी गेली. तो कट करणार एवढ्यात तिकडून फोन उचलला.

"किती उशीर रं?" कोंडिबामामाचा आवाज. "म्हशी पिळून झाल्या, दूध घालून झालं. पोरगी आजून खुंटीखालनं हालंना, जेवली बी न्हाई."

"मामा, तुमाला कसं कळालं मीच हाय? नंबर तर दुसऱ्याचा हाय."

"लाईट तर दुपारीच यिऊन गेली. मंग या टायमाला, दोन रिंगा, आन् एवढा घाबरून उशिरानं दुसरं कोन देनार? तुझ्या पेटीपरीस जास्ती कळतंय मला." मामा थांबला. "उद्या बाजार करून आईला घिऊन ये घरी. मांडवगणला काय सांगायचं ते मी सांगतो. धर, हिच्याशी बोल."

फोन हातातून हातात गेल्याची खसफस झाली.

"कोन बोलतंय?" धनश्रीनं विचारलं. "मानूस का पेटी?"

"मानूस."

"मग कट नको करू."

ज्ञानूनं कट केला नाही. रश्मी मॅडमचा बॅलन्स संपेपर्यंत केला नाही.